‘मानवी चूक’ लिहिण्याआधी कर्सर कुठे होता ते विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात, म्हणजे खरं तर सगळ्याच पेपरांत, वर्षातून दोनचारदा तरी अशी बातमी असते की अमुक ठिकाणी कॉम्प्युटर यंत्रणेत घोळ झाला, लोकांच्या खात्यावर भलतेच आकडे दिसले, खिडकीसमोर रांग लागली, आणि शेवटच्या ओळीत ‘मानवी चुकीमुळे हा प्रकार घडल्याचे सूत्रांनी सांगितले’. झालं, बातमी संपली. मी नाशकात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सतरा वर्षं काम करतेय, आमचं काम पतसंस्थांचे हिशेब सांभाळणारी सिस्टीम चालू ठेवणं, आणि ही शेवटची ओळ वाचली की माझं डोकं फिरतं. माणूस चुकतो हे मान्यच आहे, पण तो ज्या टूलमध्ये बसून काम करत होता त्या टूलने त्या क्षणाला काय केलं हे कोणी विचारतच नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सगळा हिशेब डेटाबेसमध्ये असतो आणि त्याच्याशी बोलायला एसक्यूएल नावाची भाषा आहे, त्यातल्या एका हुकमाला आम्ही क्वेरी म्हणतो. या क्वेऱ्या लिहायचं टूल म्हणजे एक मोठं नोटपॅड समजा, त्यात एकाखाली एक पन्नास क्वेऱ्या पडलेल्या असतात, कालच्या, परवाच्या, अर्धवट, कुठे कॉमेंट टाकून (म्हणजे हे चालवू नको, नुसती टीप समज अशी खूण करून) बंद केलेल्या. आता यातली एकच चालवायची असेल तर आधी ती माउसने सिलेक्ट करा आणि मग चालवा असा नियम होता, त्याचा लोकांना कंटाळा आला, म्हणून सोय निघाली की कर्सर, म्हणजे ती लुकलुकणारी उभी काडी, ज्या क्वेरीत असेल ती क्वेरी एका बटणात चालवायची. सोय झकास आहे, मी स्वतः दिवसातून शंभरदा वापरते. पण ‘कर्सर ज्या क्वेरीत आहे’ हे जे चार शब्द आहेत ना, त्यातच सगळी गोम आहे.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. संस्थेचं नाव सांगत नाही, टूलचंही नाही. मार्च एंड होता, ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींना अर्धा टक्का जास्त व्याज लावायचं होतं, आमच्या एका ज्युनिअर पोराने अपडेट, म्हणजे रेकॉर्ड बदलणारी क्वेरी लिहिली, वरच्या दोन ओळींत टेबल आणि नवा व्याजदर, मग दिसायला सुटसुटीत वाटावं म्हणून एक कोरी ओळ, आणि खाली व्हेअर, म्हणजे ज्येष्ठांनाच लागू करा ही अट. शेवटच्या क्षणी दराचा आकडा दुरुस्त केला त्यामुळे कर्सर वरच राहिला. कंट्रोल एंटर दाबलं. आणि त्या टूलची सेटिंग अशी होती की कोरी ओळ आली म्हणजे क्वेरी संपली. टूलने वरचा तुकडा उचलला, अट खालीच राहिली, आणि सगळ्या सभासदांच्या सगळ्या ठेवींचा दर बदलला. किती रेकॉर्ड बदलले तो आकडा खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात आला, पोरगं तोवर दुसऱ्या टॅबवर गेलं होतं. आम्हाला कळलं ते संध्याकाळी संस्थेच्या मॅनेजरांचा फोन आला तेव्हा, ‘मॅडम, अहो शाळेत जाणाऱ्या पोरांच्या खात्यावर ज्येष्ठ नागरिकाचं व्याज पडलंय’. तोपर्यंत व्याज आकारणी चालून गेली होती. मग रात्रभर आदल्या दिवशीचा बॅकअप, व्हाउचरं, रोजकीर्द, पिग्मी एजंटांच्या याद्या, सगळं घेऊन बसलो आणि पहाटे चारला आकडे जुळले. रिपोर्टात काय लिहिलं असेल ते तुम्हाला माहितीच आहे. मानवी चूक. पोरगं दोन दिवस जेवलं नाही.

मी त्याची बाजू घेत नाहीये, त्याने आधी सिलेक्ट, म्हणजे काही न बदलता नुसतं दाखवणारी क्वेरी, चालवून किती खाती येतात ते बघायला हवं होतं, आणि ते मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. पण नंतर विचार केला तेव्हा वाटलं, त्याने लिहिलेली क्वेरी तर बरोबरच होती की. अक्षर न् अक्षर बरोबर. डेटाबेसच्या दृष्टीने मधल्या कोऱ्या ओळीला काही अर्थच नाही, पूर्ण गेली असती तर काम चोख झालं असतं. अर्धी पाठवली ती टूलने, स्वतःच्या अंदाजाने, आणि अंदाज केलाय हे त्याला सांगितलंसुद्धा नाही.

यात एसक्यूएलचा स्वतःचा एक दोष आहे जो मला मराठी माणूस म्हणून फार जाणवतो. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, ‘साठ वर्षांवरच्या खातेदारांचा व्याजदर वाढवा’, हे वाक्य मध्येच तोडलं तर हुकूम सुटतच नाही, ऐकणारा म्हणेल बरं, पुढे? एसक्यूएलमध्ये उलटं, आधी ‘बदला’, मग काय, आणि अट सगळ्यात शेवटी. त्यामुळे शेपूट कापलं तरी उरलेलं वाक्य पूर्ण आणि कायदेशीर, फक्त अर्थ भयंकर. डिलीटचंही तसंच. आपल्याकडे ‘ध चा मा’ केल्याची गोष्ट सांगतात, तिथे निदान कोणीतरी मुद्दाम अक्षर बदललं होतं, इथे काहीच बदलावं लागत नाही, नुसतं अलीकडे थांबलं की झालं.

मग टूलने क्वेरीची हद्द ठरवायची कशी? वरवर सोपं वाटतं, क्वेरीच्या शेवटी अर्धविराम देतात, तेव्हा अर्धविराम ते अर्धविराम. पण अर्धविराम हा मजकुराच्या आतही असतो, पत्त्यात असतो, कॉमेंटमध्ये असतो. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये फंक्शन, म्हणजे नाव देऊन ठेवलेला छोटा प्रोग्राम, लिहिताना दोन डॉलरच्या चिन्हांमध्ये अख्खा प्रोग्राम बसतो आणि त्यात वीस अर्धविराम असू शकतात. पोस्टग्रेस १४ पासून तर डॉलर न लावताही फंक्शनच्या पोटात अर्धविराम येऊ शकतात. पोस्टग्रेसमध्ये कॉमेंटच्या आत कॉमेंट चालते, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ती चालत नाही पण तिथे हॅशनेही कॉमेंट सुरू होते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये बहुतेक ठिकाणी अर्धविराम द्यावाच लागत नाही, आणि तिथलं ‘गो’ हे तर सर्व्हरच्या भाषेतलं नाहीच, ते फक्त टूलला कळतं. म्हणजे एकच नियम सगळीकडे लावणारं टूल कुठे ना कुठे तोंडावर आपटणारच. आणि काही टूलं कर्सरपासून मागे जात जात अर्धविराम शोधतात, ते तर मुळातच चूक, कारण मधूनच सुरुवात केली तर आपण अवतरणचिन्हाच्या आत आहोत की बाहेर हे कळायला मार्गच नाही. फाइलच्या पहिल्या अक्षरापासून वाचत यावं लागतं, आणि तेही कुठला डेटाबेस आहे ते ओळखून. हल्लीच्या मशीनला ते काही जड नाही.

आपल्याकडचंच उदाहरण देते. वसईचे, गोव्याचे डिसोझा, डिसिल्वा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना ‘डी’नंतर वरती ॲपॉस्ट्रॉफी देतात, आणि एसक्यूएलमध्ये मजकूर सुरू आणि बंद करायचं चिन्ह नेमकं तेच. ते डबल करून लिहायचं विसरलं की मजकूर ‘डी’पाशीच संपतो, आणि नावाच्या शेवटचं खरं बंद करणारं चिन्ह नवा मजकूर उघडतं, तो पुढचा अर्धविराम गिळतो, पुढच्या क्वेरीची सुरुवात गिळतो, आणि तिथून खाली आतलं ते बाहेर आणि बाहेरचं ते आत. नशीब बरं असेल तर सर्व्हर एरर देतो आणि सुटका होते. पण शहाण्या टूलने सर्व्हरवर सोडू नये, फाइल संपली तरी अवतरण बंद झालेलं नाही म्हणजे वरच्या हद्दी भरवशाच्या नाहीत, मग सरळ सांगावं की बाबा मला कळत नाहीये, तूच सिलेक्ट कर.

अजून एक, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही कारण ते इंग्रजीत कॉमेंट लिहितात. आमच्याकडे कॉमेंट मराठीत असतात, ‘हे रमेशने सांगितल्याशिवाय चालवू नये’ अशा. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ ८ मध्ये (ही कॉम्प्युटरची अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाइट घेतं, ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर दिसतं पण आत क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं, म्हणजे नऊ बाइट झाले. आता एडिटर म्हणतो कर्सर दोनशेव्या अक्षरावर आहे आणि क्वेरी शोधणारा भाग दोनशे बाइट मोजून थांबतो, म्हणजे तो खूप वरती थांबतो आणि वरचीच कुठली तरी क्वेरी उचलतो. एका जुन्या टूलमध्ये हे मी डोळ्यांनी पाहिलंय, मराठी कॉमेंट काढली की बरोबर चालायचं, ठेवली की वरची क्वेरी धावायची, आम्हाला आठवडाभर वाटत होतं भुताटकी आहे.

बरं, हद्दी अचूक सापडल्या असं धरू. तरी कर्सर दोन क्वेऱ्यांच्या मधे असला तर? एकाच ओळीत दोन क्वेऱ्या असल्या आणि कर्सर अर्धविरामाला चिकटून असला तर? माझं मत असं की अर्धविराम टाइप करून लगेच बटण दाबलं तर ती डावीकडची क्वेरी, कारण हाताने आत्ताच ती संपवलीये, यात वाद नाही. पण दोन संपलेल्या क्वेऱ्यांच्या मधल्या रिकाम्या ओळीत कर्सर असेल तर काहीच चालवू नये. काहीच नाही. काही लोक म्हणतात वरची चालवा, काही म्हणतात खालची, दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं आहे आणि म्हणूनच टूलने मध्ये पडू नये. ओरॅकल या डेटाबेसचं जुनं एसक्यूएल प्लस हे टूल आठवतं, कोरी ओळ दिली की ते क्वेरी घेणं थांबवायचं पण चालवायचं नाही, ती बाजूला ठेवून पुढच्या हुकमाची वाट बघत थांबायचं, तुम्ही तिरकी रेघ दिलीत तरच चालवायचं. आम्ही तेव्हा त्याला शिव्या द्यायचो, आता वाटतं म्हातारं शहाणं होतं. डीबीव्हर नावाच्या टूलमध्ये कोरी ओळ म्हणजे शेवट धरायचा की नाही याची सेटिंग आहे, पण ती सेटिंग आहे हे किती जणांना माहितीये? आमच्या ऑफिसात मला धरून दोघांना.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बटण दाबायच्या आधी दाखवा. पीजीअ‍ॅडमिन या पोस्टग्रेसच्या टूलमध्ये आता कर्सर जिथे असेल तिथली क्वेरी अधोरेखित करून दाखवायची सोय आहे, आणि ती चालवण्याआधी विचारायचीही, हे मला फार आवडलं (या टूलमध्ये पुण्यातल्या बऱ्याच इंजिनिअर पोरापोरींचा हात आहे, अभिमानाची गोष्ट आहे). डेटाग्रिप या टूलमध्ये पोटक्वेरी, म्हणजे क्वेरीच्या आत क्वेरी, असेल तर आतली चालवू की पूर्ण असं यादी देऊन विचारता येतं. त्या दिवशी आमच्या पोराला नुसतं दिसलं असतं की रेघ दुसऱ्या ओळीपाशीच थांबलीये आणि व्हेअरच्या खाली रेघ नाही, तर तो थांबला असता. आणि जे अधोरेखित दिसतं तेच, तेवढंच, त्याच क्षणाचं सर्व्हरला गेलं पाहिजे, दाखवायला एक कोड आणि चालवायला दुसरा कोड असं असेल तर ती रेघ म्हणजे निव्वळ शोभा.

सिलेक्शनचं वेगळंच दुखणं आहे. सिलेक्ट केलं असेल तर तेवढंच चालवायचं हा नियम सगळीकडे आहे आणि तो बरोबरच आहे, पण माउस ओढताना शेवटची ओळ सुटणं हे इतकं रोजचं आहे की या धंद्यातल्या प्रत्येकाकडे त्याची एक गोष्ट असते. टूलला कळत असतं की सिलेक्शन क्वेरीच्या मध्येच संपतंय. मग बोल ना बाबा. आणि सिलेक्शन नसेल तर? एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओत एफ ५ दाबलं की खिडकीतलं सगळं धावतं. ओरॅकलच्या एसक्यूएल डेव्हलपरमध्ये कंट्रोल एंटरला एक क्वेरी आणि एफ ५ ला पूर्ण स्क्रिप्ट. मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये कंट्रोल एंटरला कर्सरखालची आणि त्यात शिफ्ट मिळवलं की सगळं. एका शिफ्टचा फरक! करंगळी घसरली की पन्नास क्वेऱ्या. आमच्यासारखे लोक सकाळी एका टूलमध्ये आणि दुपारी दुसऱ्यात काम करतात, बोटांना थोडंच कळतं आपण आत्ता कुठे आहोत.

मग लोक म्हणतात प्रत्येक वेळी ‘नक्की का?’ असं विचारा. त्याने काही होत नाही. दर वेळी विचारलं की बोट आपोआप एंटर मारतं, मोबाइलवर अटी मान्य आहेत दाबतो तसं, आणि गंमत म्हणजे कंट्रोल एंटर दाबून आलेल्या खिडकीत ‘हो’ हे बटण एंटरलाच जोडलेलं असतं, बोट तिथेच असतं. विचारायचंच तर क्वचित विचारा, नेमकं विचारा, ‘या क्वेरीला अट नाही, टेबलातले सगळे रेकॉर्ड बदलतील’ असं, आणि एंटरला ‘नको’ जोडा. मायएसक्यूएलमध्ये अशी सोय फार जुनी आहे, सेफ अपडेट्स, की अपडेट किंवा डिलीटला नीट अट नसेल तर सर्व्हर नाकारतोच. कमांड लाइनवर त्याच ऑप्शनचं दुसरं नाव चक्क ‘मी ढ आहे’ अशा अर्थाचं ठेवलंय! आता असं नाव दिलं तर कोण स्वाभिमानी माणूस ते लावेल? वर्कबेंचमध्ये ते आधीपासून चालू असतं आणि एरर ११७५ येतो, तर पोरं काय करतात, एरर कॉपी करून शोधतात, पहिल्या उत्तरात बंद कसं करायचं ते मिळतं, बंद करतात, पुन्हा कधी चालू करत नाहीत.

काहींचं म्हणणं, पहिला शब्द बघा, सिलेक्ट असेल तर जाऊ द्या, अपडेट डिलीट असेल तर अडवा. इतकं सोपं नाही हो. पोस्टग्रेसमध्ये विथने सुरू झालेल्या क्वेरीच्या पोटात डिलीट असू शकतं. सिलेक्ट करून फंक्शन बोलावलं आणि ते फंक्शन आत काहीही उलथापालथ करू शकतं. एक्सप्लेन म्हणजे नुसता आराखडा दाखव, निरुपद्रवी, पण त्यालाच अ‍ॅनालाइझ जोडलं की ती क्वेरी खरोखर चालते, डिलीट असेल तर डिलीट होतं, यात मी मी म्हणणारे फसलेत. म्हणून जिथे नुसतं बघायचंय तिथे युजरच बघण्यापुरता द्यावा, टूलच्या हुशारीवर विसंबू नये.

ऑटो कमिट बंद ठेवा हाही सल्ला असतो, म्हणजे चालवलेलं लगेच पक्कं होत नाही, आकडा बघून मग पक्कं करायचं. चांगलाय, आमच्याकडे आता प्रॉडक्शनवर, म्हणजे जिथे लोकांचा खरा हिशेब चालतो तिथे, तसंच आहे. पण त्यातही मेख आहे, एकाने अपडेट मारला, पक्का न करता चहाला गेला, आणि तिकडे काउंटरवरच्या सगळ्यांच्या स्क्रीन अडकून बसल्या कारण ते रेकॉर्ड कुलूपबंद. आणि टेबलच उडवलं तर पोस्टग्रेसमध्ये मागे फिरता येतं, ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये ते तिथल्या तिथे पक्कं होतं, मग बसा बोंबलत. म्हणून टूलने कोपऱ्यात नाही तर ठळक दाखवावं की अमुक इतके रेकॉर्ड बदललेत आणि अजून पक्के केलेले नाहीत.

आणि मानवी चुकीचंच म्हणाल तर गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचं प्रकरण बघा. ३१ जानेवारी २०१७, त्यांच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरच्या डेटाबेसचं फोल्डर उडवलं, जवळपास सहा तासांचा डेटा गेला, बॅकअपच्या एकापेक्षा जास्त पद्धती ऐनवेळी निकामी निघाल्या. ती क्वेरी नव्हती, कमांड होती, पण प्रश्न तोच, मी आत्ता कुठे उभा आहे. त्यांनी काय केलं, सगळं जगासमोर मांडलं, आणि करायच्या कामांच्या यादीत लिहिलं की प्रॉडक्शनच्या स्क्रीनवर लाल आणि टेस्टिंगच्या स्क्रीनवर पिवळा रंग द्यायचा म्हणजे कळेल. माणसाला नाव ठेवून मोकळे झाले नाहीत. आमच्याकडे असं काही झालं की पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ आणि दुसरा प्रश्न नसतोच.

कॉलेजात डीबीएमएसच्या, म्हणजे डेटाबेस विषयाच्या, तोंडी परीक्षेला अजून विचारतात डिलीट आणि ट्रंकेटमध्ये फरक काय, पोरं घडाघडा सांगतात. तुझ्या टूलमध्ये कर्सर कोऱ्या ओळीवर असताना कंट्रोल एंटर दाबलं तर काय चालेल, हे एकदा विचारून बघा म्हणावं सर लोकांना. आणि तुमच्या वार्ताहरांना माझी विनंती, पुढच्या वेळी ‘सूत्रां’नी मानवी चूक म्हटलं की दोन प्रश्न जास्त विचारा, टूलने काय चालणार आहे ते आधी दाखवलं होतं का, आणि प्रॉडक्शन आहे हे स्क्रीनवर कुठे दिसत होतं. उत्तर नाही मिळालं तर तसं छापा.

ते पोरगं अजून आमच्याकडेच आहे, आता नव्यांना तोच शिकवतो, आणि व्हेअर आधी लिहून मग वरचं लिहायची त्याला सवय लागलीये.

पत्र फार लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर जरूर कापा, फक्त एखाद्या वाक्याची अट खाली ठेवून वरचं छापू नका.

आपली एक वाचक,
नाशिक